ओला की सुका

काल सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आमच्या गल्लीत शिरली, तेव्हा माझ्या डोक्यावर दोन वाट्या आंबट दही होतं. दह्यात रात्रभर भिजवून वाटलेली मेथी, वरून जुना पंचा. बायको पोह्यांच्या फोडणीत अडकलेली, तिथूनच ओरडली, "गाडी आली, जा!" इंदूरचा माणूस एक वेळ ऑफिसची बस सोडेल, ही गाडी सोडणार नाही.

दही का, तर कोंडा. गेल्या रविवारी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला मी काळं जाकीट घालून गेलो होतो. फोटो आले आणि मावशी म्हणाली, "लग्न अजून व्हायचंय, याच्या खांद्यावर अक्षता आत्ताच कशा?"

तर खाली तात्या उभे. तात्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, रिटायर आहेत, आणि मला आठवतं तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर एक केस नाही.

"काय करून राहिलायस रे हे?" म्हणत त्यांनी पंच्याचं टोक उचललं आणि चक्क वास घेतला. "मेथी?"

"हो."

"दही कालचं?"

"परवाचं."

"मीठ घातलंस?"

"तात्या, कोशिंबीर नाहीये ही."

"चुकलास. कोरडेपणा आहे तो. खोबरेल कोमट करायचं, कापूर घालायचा, रात्रभर ठेवायचं. माझ्याकडे बघ." त्यांनी मान खाली घातली. उन्हात डोकं चकाकलं. "आहे एक तरी कण?"

यावर काय बोलणार? समोरच्या वहिनी गेटातून म्हणाल्या, "लिंबू चोळा." त्यांच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "आग होईल हो त्याला, कडुलिंबाचं पाणी सांग." म्हणजे माझं डोकं आता गल्लीचा सामायिक विषय झालेलं.

मी तात्यांना समजवायला गेलो. पुरं बोलू दिलं नाही, म्हणून इथे सांगतो. कोंडा म्हणजे टाळू कोरडी पडणं नव्हे. मालासेझिया नावाची एक बुरशी जवळजवळ सगळ्यांच्याच डोक्यावर असते. मालासे नावाच्या फ्रेंच माणसाने १८७४ साली तिचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. ती टाळूतलं तेल खाते. खाऊन जे मागे टाकते त्याने काहींची टाळू चिडते आणि कातडी घाईघाईने सुटायला लागते. म्हणजे कोंड्यावर रात्रभर तेल थापणं हे चोराला जेवायला वाढणं.

मी "तेल खाते" एवढ्यावरच आलो होतो, तोच तात्या म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी कोणाला जेवू घातलं?"

हे सगळं माहीत असून मी दही का लावलं, असं तुम्ही विचाराल. घरात होतं म्हणून.

तेवढ्यात डोक्यावरून दह्याचा एक गोळा घरंगळला आणि पच्चकन रस्त्यावर पडला. गाणं वाजतच होतं. गाडीवरच्या पोऱ्याने माझ्या बादल्या रिकाम्या करता करता खाली पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "भैया, ये गीले में जाएगा ना?"

त्याचं काही चुकलं नाही. गाडीला सहा कप्पे असतात, विचारणं त्याचं कामच. पण तात्या! "स्वच्छतेत इतक्या वेळा देशात पहिलं आलेलं शहर आपलं," ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि हा रस्त्यावर दही सांडतोय." या माणसाच्या बाल्कनीतून रोज शेंगांची टरफलं आमच्या कुंडीत पडतात. मी आजवर एक शब्द काढलेला नाही. काढायला हवा होता. पण काल मी डोक्यावरचा पंचा सोडला, उकिडवा बसलो आणि रस्ता पुसला. वाकल्यावर आणखी सांडलं. तेही पुसलं.

मेथी केसांतून दुपारपर्यंत निघत होती. कोंडा जागच्या जागी. बायकोला कढीसाठी दही उरलं नाही, ते वेगळंच.

संध्याकाळी मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर वाकून हळूच म्हटलं, "केटोकोनॅझोलचा शॅम्पू द्या." म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाचा. दुकानदार आत वळून ओरडला, "छोटू, रूसी वाला निकाल!" मग माझ्याकडे बघून, "पाच मिनिट रखना, फिर धोना. हफ्ते में दो बार." इतकंच. ना मेथी, ना कापूर.

"दही जमलं नाही वाटतं," मागून आवाज आला. तात्या गुडघ्याचं मलम घ्यायला आले होते.