अलीगढचं कॉलेज कुणाच्या पैशातून उभं राहिलं?

"सर सय्यद अहमद खान यांनी इंग्रजांच्या पैशातून, फक्त मुसलमानांसाठी अलीगढचं कॉलेज काढलं आणि पाकिस्तानचा पाया घातला." दरवर्षी 17 ऑक्टोबरला, त्यांच्या जयंतीला, हा मजकूर हमखास फिरतो. हे कॉलेज म्हणजे आजचं अलीगढ मुस्लिम विद्यापीठ. वाक्य एक, आरोप तीन. ते एकेक करून पाहू.

पैशापासून सुरुवात करू. सरकारने जमीन दिली, हे खरं: अलीगढच्या जुन्या छावणीचं कवायतीचं मैदान, 74 एकर. पुढे अनुदानही मिळालं, पण ते त्या काळी अटी पाळणाऱ्या इतर खासगी संस्थांनाही मिळे. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी 10,000 रुपये दिले, ते स्वतःच्या खिशातून. बाकीची रक्कम वर्गणीची. सर सय्यद यांनी त्यासाठी लॉटरी काढली (धर्मात बसत नाही म्हणून ओरड झालीच) आणि म्हातारपणी रंगमंचावर उभं राहून शेरोशायरीही म्हटली. पतियाळा आणि विजयानगरमच्या महाराजांनी देणग्या दिल्या. देणगीदारांची नावं दगडात कोरून भिंतींत बसवायची पद्धत होती. कॉलेजच्या स्ट्रेची हॉल या सभागृहात ती आजही वाचता येतात, आणि त्यांत हिंदू नावंही आहेत.

इंग्रजांची तिजोरी मागे उभी असती, तर 1895 चा प्रसंग इतका जड गेला नसता. कॉलेजच्या हेडक्लार्कने चेकवर बनावट सह्या करून लाखाहून अधिक रुपये उचलल्याचं तेव्हा उघडकीला आलं. संस्था कर्जात गेली. 27 मार्च 1898 रोजी सर सय्यद वारले ते या अवस्थेत, आणि कॉलेज सावरायला त्यांच्या स्मारकाच्या नावाने पुन्हा वर्गणीच गोळा करावी लागली.

खरा अडथळा पैशाहून मोठा होता. सर सय्यद कुराणाचा अर्थ निसर्गनियमांशी जुळवून लावत, म्हणून त्यांना 'नेचरी' म्हणून हिणवलं गेलं आणि काफिर ठरवणारे फतवे निघाले. एक फतवा तर थेट मक्केहून आणवला होता. अशा माणसाच्या हाती धर्मशिक्षण असेल, तर आपला मुलगा तिथे कोण पाठवणार? त्यांनी तोडगा काढला: धार्मिक अभ्यासक्रम सुन्नी आणि शिया अशा दोन वेगळ्या समित्यांकडे सोपवला आणि स्वतः त्यातून बाजूला झाले. 24 मे 1875 ला शाळा सुरू झाली, 8 जानेवारी 1877 ला लॉर्ड लिटनने कॉलेजची पायाभरणी केली. सुरुवातीला इंग्रजी विभागाच्या जोडीला एक प्राच्य, म्हणजे पौर्वात्य भाषांचा विभागही होता. तो विद्यार्थ्यांअभावी बंद पडला. कारण साधं होतं, नोकरी इंग्रजीला होती.

'फक्त मुसलमानांसाठी' या आरोपाला फार शब्द खर्चायची गरज नाही. या कॉलेजचा पहिला पदवीधर ईश्वरी प्रसाद.

आता पाकिस्तान. 1883 मध्ये पाटण्याला हिंदू आणि मुसलमान हे नवरीचे दोन डोळे आहेत असं म्हणणारे सर सय्यदच, आणि 1888 मध्ये मेरठला इंग्रज गेले तर या दोन 'कौमां'पैकी सत्ता कोणाकडे जाईल, असं विचारणारेही तेच. 'कौम' हा शब्द ते कधी धर्मासाठी, कधी सगळ्या हिंदुस्थानींसाठी वापरत, त्यामुळे एकच भाषण उचलून निकाल देता येत नाही. काँग्रेसला मात्र त्यांचा कडवा विरोध होता, तो लपवायचं कारण नाही. डिसेंबर 1887 मध्ये मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बसले होते, त्याच आठवड्यात लखनौला सर सय्यद काँग्रेसविरुद्ध भाषण करत होते. गंमत म्हणजे शिक्षणाबाबत दोघांचं दुखणं एकच: मुसलमान त्यात मागे पडले होते. तय्यबजी बंधूंची मुंबईतली शिक्षणसंस्था अंजुमन-ए-इस्लाम अलीगढच्या एक वर्ष आधीची, 1874 ची. बोरीबंदर स्टेशनासमोरची तिची इमारत 1893 ची.

मुस्लिम लीग 1906 ची, म्हणजे सर सय्यद वारल्यानंतर 8 वर्षांनी निघालेली. 1940 च्या दशकात अलीगढच्या विद्यार्थ्यांनी लीगचा प्रचार केला, हे खरंच आहे. पण पुढे पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान झालेले लियाकत अली खान ज्या कॉलेजातून बाहेर पडले, त्याच कॉलेजातून शायर हसरत मोहानीही आले, आणि त्यांनी 1921 मध्ये अहमदाबादला काँग्रेसच्या अधिवेशनात संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. 1920 मध्ये जामिया मिल्लिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था सुरू झाली तीही अलीगढलाच, सरकारी अनुदान नाकारा म्हणून बाहेर पडलेल्यांच्या हातून.

टीकाच करायची असेल तर जागा आहेत. लखनौच्या त्याच भाषणात त्यांनी खालच्या कुळातून आलेल्या बी.ए., एम.ए.वाल्यांचा अधिकार मानायला नकार दिला. त्यांची नजर खानदानी 'शरीफ' घरांवरच होती. मुलींच्या शाळांबद्दल तर 1882 मध्ये सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर कमिशनपुढे त्यांनी हात आखडता घेतला: आधी पुरुष शिकू देत, मग बायकांचं पाहू. अलीगढमध्ये मुलींची शाळा निघाली ती 1906 मध्ये, शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांच्या खटपटीने.