मुलांच्या खोलीत टीव्ही लावायचे ‘7 फायदे’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

"मुलांच्या खोलीत स्वतंत्र टीव्ही लावण्याचे 7 फायदे, प्रत्येक सुजाण पालकाने वाचावे व पुढे पाठवावे" असा एक मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याही कुठल्यातरी ग्रुपवर येऊन गेला असेल. खाली कुणाचं नाव नाही, नुसतं "बालमानसतज्ज्ञांचे मत". आमच्या घरच्या ग्रुपवर तो वहिनीने टाकला आणि तोही मला उत्तर म्हणून. दादाने दिवाळीत हॉलमध्ये मोठा टीव्ही घेतला, जुन्या बत्तीस इंचीचे एक्स्चेंजमध्ये अगदीच किरकोळ पैसे देत होते, मग कशाला द्यायचा म्हणून तो भाच्याच्या खोलीत गेला. भाचा पहिलीत आहे. मी म्हटलं तो तिथून काढा, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हा मेसेज आणि खाली "ताई, हे वाचा".

वाचला. सातच्या सात मुद्दे वाचले. क्रमाने जात नाही, कारण तिसरा मुद्दा वाचून माझं डोकंच फिरलं आणि तोच लोकांना सगळ्यात जास्त पटतोय असं दिसतंय.

तर तिसरा मुद्दा असा: "रात्री मंद आवाजात टीव्ही लावून दिला की मूल दहा मिनिटांत शांत झोपते, गोष्ट सांगणे, थोपटणे ही कटकट उरत नाही."

झोपत नाही हो ते. पडून राहतं. मी दादाकडे राहायला गेले होते तेव्हा रात्री पावणेअकराच्या सुमारास भाच्याला पांघरूण घालायला आत गेले. लाइट बंद, आवाज अगदी बारीक, पोरगं कुशीवर, दोन्ही हात उशीखाली, दारातून बघितलं तर कुणालाही वाटावं गाढ झोपलाय. जवळ गेले तर डोळे टक्क उघडे. लावून दिलं होतं कार्टून, ते कधीच संपलेलं, आता कुणीतरी माणूस गेम खेळताना किंचाळत होता आणि त्या गेममध्ये धडाधड माणसं मरत होती. मी रिमोट उचलला तर म्हणतो, "आत्या बंद नको ना, संपतच आलंय." संपत काहीच नसतं, यूट्यूबवर एक झालं की दुसरं आपोआप लागतं. सकाळी हाच मुलगा बाथरूममधल्या स्टुलावर बसून तोंडात ब्रश तसाच ठेवून पेंगत होता आणि वहिनी बाहेरून ओरडत होती की बस येईल. वहिनीला तो साडेनऊलाच झोपला असं वाटत होतं, कारण साडेनऊला दार लोटलं होतं.

हा एका घरातला किस्सा म्हणून सोडून द्या हवं तर. पण अमेरिकेत सिएटलला मिशेल गॅरिसन आणि दिमित्री ख्रिस्ताकिस यांनी नेमकं हेच तपासलंय, 2011 मध्ये पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या जर्नलमध्ये आलंय. 3 ते 5 वर्षांची सहाशेच्या वर मुलं. ज्यांच्या खोलीत टीव्ही होता ती जास्त बघत होती आणि त्यांच्यात झोपेच्या तक्रारीही जास्त होत्या. संध्याकाळनंतर स्क्रीनचा प्रत्येक जादा तास झोप बिघडवत होता, आणि मारधाडीचं काही असेल तर ते दिवसा बघितलेलंसुद्धा रात्रीच्या झोपेला भोवत होतं. आता कुणीतरी म्हणेल की ज्या घरांत शिस्तच नाही तिथेच टीव्ही खोलीत असतो, मग दोष टीव्हीचा कसा. रास्त शंका आहे. म्हणून तर त्यांच्याच गटाने पुढे 2012 मध्ये साडेपाचशेच्या वर कुटुंबं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली आणि एका गटातल्या आईबापांना एवढंच शिकवलं की मारधाडीचं, वयाला न शोभणारं काढून त्या जागी लहान मुलांसाठी केलेलं चांगलं काहीतरी लावा. बघण्याचे तास कमी करा असंही सांगितलं नाही. तेवढ्यावर त्या गटातल्या मुलांच्या झोपेच्या तक्रारी कमी झाल्या.

म्हणजे काय लागलंय यावर इतकं अवलंबून आहे. आणि दार लोटलेल्या खोलीत काय लागलंय हे कुणाला कळतं? दादाला नाही कळलं, वहिनीला नाही कळलं, मी योगायोगाने आत गेले म्हणून कळलं.

उजेडाचं पण आहे, रात्री डोळ्यांवर उजेड पडला की झोप आणणारं मेलॅटोनिन कमी तयार होतं, हे आता सगळ्यांना माहिती झालंय. पण खरं सांगायचं तर समोरच्या भिंतीपाशी असलेल्या टीव्हीचा उजेड तोंडासमोर धरलेल्या मोबाईलएवढा नसतो, मला जास्त भीती त्या न संपण्याची वाटते. आजी गोष्ट सांगते तेव्हा ती दमते, जांभया देते, गोष्ट संपते. स्क्रीन दमत नाही.

आणि झोपेचा हिशोब तरी बघा. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलंय की 6 ते 12 वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप हवी. पहिलीतलं मूल सातला उठणार असेल तर दहाच्या आत ते खरोखर झोपलेलं पाहिजे, आणि ते झालं कमीत कमी. आपल्याकडे पोरांची झोप होत नाही ही ओरड इतकी झाली की राज्यपालांनी विषय काढला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने निर्णय काढून पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. कितीतरी शाळांनी, बसवाल्यांनी, नोकरी करणाऱ्या आईबापांनी वेळापत्रकं हलवली. तो मिळालेला तास रात्री टीव्हीत घालवायचा असेल तर काय उपयोग?

आणि ती "कटकट"! सहा वर्षांचं पोर दिवसभरात शाळेत कुणी ढकललं, कुणी डबा खाल्ला, बाई का रागावल्या हे कधी सांगतं? विचारल्यावर सांगत नाही, थोपटताना अंधारात आपणहून सांगतं. त्या दहा मिनिटांना कटकट म्हणणारा बालमानसतज्ज्ञ असूच शकत नाही, माझी खात्री आहे.

पहिला मुद्दा "हॉलमधली भांडणे थांबतात". यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. संध्याकाळी सात ते दहा आईच्या सिरीयल, दादाला मॅच, पोराला कार्टून, रिमोटवरून रोज रडारड, वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन कुणाकुणाला समजावणार, तिची दमछाक मी बघितलीय. पण हॉलमधला टीव्ही बंद होतो तोच मुळी या भांडणामुळे. कुणालातरी बातम्या हव्या असतात, कुणी जेवायला बसा म्हणतं, कुणाकडे पाहुणे येतात, आणि पोर नाईलाजाने का होईना उठून खाली खेळायला जातं. खोलीत गेला की त्याला उठवणारं कुणी उरलं नाही. न्यूयॉर्क राज्यात अगदी 1 ते 4 वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला होता, 2002 मध्ये छापून आला, त्यात खोलीत टीव्ही असलेली मुलं बाकीच्यांपेक्षा आठवड्याला साडेचार तासांच्या वर जास्त टीव्ही बघत होती आणि त्यांच्यात वजन जास्त असण्याचं प्रमाणही जास्त होतं. भांडणावर उपाय हवाच असेल तर दुसरा टीव्ही आईच्या खोलीत लावा ना. ती सत्तरीची आहे, तिला सकाळी शाळेत जायचं नाही, तिच्या सिरीयल ती निवांत बघेल आणि हॉल मोकळा होईल.

"मुलं ऐकतच नाहीत" असंही त्या मेसेजमध्ये मध्येच घुसडलंय. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे 2022 पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही, मोबाईल दीड तास बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. पेपरात, टीव्हीवर सगळीकडे आलं होतं. तिथे ते जमलं कारण मोठ्यांनी स्वतःच्या सिरीयलपण बंद केल्या. पोराला एकट्याला त्याच्या खोलीत कोंडून त्याने टीव्ही बंद करावा ही अपेक्षा तिथे कुणी ठेवली नव्हती.

यालाच लागून दुसरा मुद्दा, की खोलीत टीव्ही असला की मूल "वेळेचे नियोजन स्वतः शिकते". कोण शिकतं? आपण चाळिशीतली माणसं एक एपिसोड म्हणून बसतो आणि चार बघून उठतो. पहिलीतल्या मुलाला अजून घड्याळ नीट कळत नाही. याच्यावर जास्त लिहीत नाही.

चौथा मुद्दा इंग्रजी सुधारतं हा, आणि हा मेसेज इतका पसरण्याचं खरं कारण हेच असणार असं मला वाटतं, कारण इंग्रजी म्हटलं की आपण काहीही मान्य करतो. 2003 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर एक प्रयोग केला. काही बाळांशी चिनी माणसं समोर बसून चिनी भाषेत बोलली, खेळली, त्यांनी पुस्तकं वाचून दाखवली, आणि काहींना त्याच गोष्टी टीव्हीवर दाखवल्या, तेवढाच वेळ. समोर माणूस असलेली बाळं चिनीतले आवाज ओळखायला शिकली, टीव्हीवाल्यांना काहीच आलं नाही. मान्य, सहा वर्षांचं मूल म्हणजे बाळ नाही, ते टीव्हीवरून शब्द उचलतं, भाचाही "ओह माय गॉड" आणि "सबस्क्राईब" उचलून बसलाय. आणि हेही कबूल करते की टीव्हीने शिक्षण होतं, अहमदाबादच्या आयआयएममध्ये असताना ब्रिज कोठारींनी गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी दाखवल्या तर लोकांचं वाचन सुधारतं हे दाखवून दिलंय, आणि आपल्या पिढीने पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम दूरदर्शनवर बघितलेतच की. पण ते कुठे बघितले? सगळ्यांसमोर, बाहेरच्या खोलीत, शेजारी कुणीतरी मोठं बसलेलं, त्याला विचारता यायचं हे काय म्हणून. इंग्रजी हवंय तर शेजारी बसून वीस मिनिटं काहीतरी बघा आणि त्यावर बोला त्याच्याशी.

पाचवा, "अमेरिकेत प्रत्येक मुलाच्या खोलीत टीव्ही असतो". प्रत्येकाच्या नाही, पण खूप जणांच्या होता खरा, कैसर फॅमिली फाउंडेशन या तिथल्या आरोग्यविषयक संस्थेच्या 2010 च्या पाहणीत 8 ते 18 वयाच्या 71 टक्के मुलांच्या खोलीत निघाला. म्हणून तर तिथल्या डॉक्टरांना त्याचे परिणाम मोजता आले! कॅलिफोर्नियात तिसरीतल्या मुलांचा अभ्यास 2005 मध्ये आला, त्यात खोलीत टीव्ही असणाऱ्यांचे गणित, वाचन आणि भाषा तिन्ही विषयांचे मार्क कमी निघाले. आणि त्याच अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आज सांगते की मुलांच्या झोपायच्या खोलीत स्क्रीन नको आणि झोपायच्या आधी तासभर बंद. ज्यांनी करून बघितलं ते नको म्हणतायत आणि आपण त्यांचंच नाव सांगून आता लावतोय.

सहावा, "मोबाईलपेक्षा टीव्ही बरा". हो, बरा आहे. लांबून बघतात, मान वाकत नाही, आवाज बाहेर येतो त्यामुळे काय चाललंय ते कानावर पडतं. पण हे सगळं तो हॉलमध्ये असेल तर. बंद खोलीत, मंद आवाजात, वायफायला जोडलेला स्मार्ट टीव्ही म्हणजे भिंतीवर लावलेला मोठा मोबाईलच आहे.

सातवा प्रायव्हसीचा. सोळा वर्षांच्या मुलीला हवी, तिला जरूर द्या. सहा वर्षांच्याला प्रायव्हसी नकोय, तो अजून रात्री बाथरूमला जाताना हाक मारतो.

त्या मेसेजमध्ये एक गोष्ट कुठेच नाही आणि मला तीच आज सगळ्यात जास्त खटकतेय. हॉलमधला टीव्ही भिंतीला पक्का ठोकलेला असतो, खोलीत जातो तो जुना, आणि तो ठेवला जातो जागा असेल तिथे. दादाकडे तो ड्रॉवरच्या कपाटावर आहे, नुसत्या दोन प्लॅस्टिकच्या पायांवर. खालचे ड्रॉवर उघडले की त्याच्या पायऱ्या होतात, आणि भाचा त्यावर चढतो, मी बघितलंय. अमेरिकेत 1990 ते 2011 मध्ये टीव्हीमुळे लागून इमर्जन्सीत आलेली मुलं मोजली तर वर्षाला सरासरी 17 हजारांच्या वर भरली, त्यातली निम्म्याहून जास्त अंगावर टीव्ही पडून जखमी झालेली, आणि बहुतेक पाच वर्षांखालची. कपाटांवरून टीव्ही पडण्याचं प्रमाण तर त्या काळात वाढतच गेलं होतं. सपाट टीव्ही हलका म्हणून धोका नाही असं समजू नका, हलका आहे म्हणून तो वायर ओढली तरी पुढे येतो.

वहिनी, टीव्ही खोलीत ठेवायचा की नाही यावर आपण रविवारी सगळे बसून बोलू, मी येतेच आहे. पण आज संध्याकाळी दादा आला की त्याला आधी तो कपाटावरून उतरवून खाली जमिनीवर ठेवायला सांग, वायर मागून बांधून टाक, आणि खालचे ड्रॉवर उघडे राहत असतील तर त्यांना लॉक बसवून घे.