समितीवर निवड झाली? घाबरू नका

गळीत हंगाम सुरू झालाय. कृष्णाकाठच्या शिवारात बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्यात, उसाच्या फडाकडेला कोप्या पडल्यात आणि तुमची ग्राम बाल संरक्षण समितीवर निवड झालीय. अभिनंदन! काम फारसं नसतं.

आधी नजर सांभाळा. इस्लामपूरच्या रस्त्याला आठ-नऊ वर्षांची पोर, कडेवर धाकटा भाऊ, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकत उभी दिसेल. भाव पाडून घ्या, चार पेंढ्या गाडीला बांधा, म्हैस खूश. 'शाळेत जातीस का गं?' असलं काही विचारू नका. 'गावाकडं जात हुते' म्हणाली, तर पंचाईत. सहा ते चौदा वयाच्या पोराला जिथं असेल तिथल्या शाळेनं घ्यावं, असा २००९ चा कायदा आहे. मुख्याध्यापक समितीत तुमच्याच शेजारी बसतात. कशाला त्यांचा पट वाढवता?

लग्नाचं जरा नाजूक. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. म्हणून तिकडं पोरींची लग्नं लवकर उरकतात, हे चावडीवर हळहळून सांगा. 'आपल्याकडं नाही बाबा असलं!' हे वाक्य पाठच करा. आपल्याच आळीत दहावी नापास पोरीची सुपारी फुटली, की 'अंगानं थोराड आहे' म्हणायचं. शाळेचा दाखला मागायचा नाही. त्यावर जन्मतारीख असते. २००६ च्या कायद्यात लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. नुसता हजर राहणाराही त्यातून सुटत नाही. पण मुलगी अठराची नाही हे गावात फक्त तिला, आईबापाला, भटजीला, मांडववाल्याला आणि पंगतीतल्या चारशे जणांनाच ठाऊक असतं. शिवाय बालविवाह रोखायचा अधिकार ज्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना, ते पहिल्या पंगतीला. त्यांच्या ताटात जिलबी तेवढी वाढा.

बैठकीचं टेन्शन नको. अंगणवाडीच्या ताई रजिस्टर घरी आणतात. तुम्ही म्हशीची धार काढत असाल तर हात पुसून सही करा. नाहीतर 'सर्वानुमते मंजूर'वर दुधाचा डाग पडतो. आमच्या रजिस्टरला आहे.

शाळेच्या भिंतीवर १०९८ हा अडचणीतल्या पोरांसाठीचा मदतीचा नंबर रंगवलाय, त्याची मात्र काळजी घ्या. फोन फुकट, चोवीस तास चालू, आणि आकडे पोरांना येतात. जत्रेचा फ्लेक्स नेमका तिथंच बांधा. आम्ही बांधला होता. वाऱ्यानं कोपरा उडाला, शेवटचे दोन आकडे उघडे पडले, आणि चौथीतलं एक कार्टं गुरुजींना विचारत होतं, 'पहिले दोन कुठले?'