‘अ‍ॅप घ्या, खत निम्म्यावर आणा’: मोसंबीच्या बागेत हे का जमत नाही

शेतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो. सार असा: माती तपासा, डोस सांगणारं अ‍ॅप घ्या, खत निम्म्यावर येतं. तरीही जो बागायतदार जुन्याच पद्धतीनं पोती रिकामी करतो तो हट्टी, आणि त्याच्यासोबत बसून सल्ल्याची सेवा आखणं म्हणजे शहरी चोचले. माती तपासावी यात वाद नाही. बाकी सगळ्यात आहे.

‘अहवाल आला की डोस कळला.’ कुठला अहवाल? मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत जिरायत भागात १० हेक्टरच्या आणि बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकोनातून एक नमुना घ्यायचा, तोही १५ ते २० सेंमी खोलीचा. जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीकडच्या चार एकर बागेची माती त्यात असेलच असं नाही. बागेसाठी नमुना झाडाच्या घेराखालून, ३० सेंमीपर्यंतचा, स्वतंत्र काढावा लागतो.

समजा तोही काढला आणि शिफारस आली: मोठ्या झाडाला ८०० ग्रॅम नत्र, ३०० स्फुरद, ६०० पालाश. दुकानात नत्र मिळत नाही, पोतं मिळतं. हिशेब केला तर झाडामागं डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) ६५० ग्रॅम, युरिया सुमारे १ किलो ४८० ग्रॅम, पोटॅश १ किलो. आता हे टाकणार कोण? सालगडी. त्याच्या हातात मोबाइल नाही, घमेलं आहे, आणि माप आहे ओंजळ. अ‍ॅपचा सल्ला इथं संपतो. सेवा खरी इथून सुरू व्हायला हवी.

बागायतदार आणि गड्याला सोबत घेऊन एका पोत्यामागं दुकानापासून आळ्यापर्यंत चाललं की गळती दिसते. मग उपायही साधा निघतो: एक लिटरचा प्लास्टिकचा मग. त्यात सपाट भरून युरिया पाऊण किलोच्या आसपास बसतो, पोटॅश किलोच्या आसपास. म्हणजे ताण तोडताना (बहार धरण्यासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करताना) युरियाचा एक मग, दीड महिन्यानं दुसरा. डीएपी एका मगात मावून वर जागा उरते, म्हणून तराजूवर एकदा तोलून ऑइलपेंटची रेघ मारायची. हा मग पंपाच्या स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगायचा, घरात न्यायचा नाही. पडताळणी ४० झाडांवर: ४५ किलोच्या पोत्यातून युरियाचा पहिला हप्ता दिल्यावर १५ किलोच्या आसपास उरलं पाहिजे. पोतं रिकामं झालं तर प्रत्येक मग सपाट न भरता शिगोशीग भरला जातोय.

‘शेतकरी सांगितलेलं खत घेतच नाही, हट्टी आहे.’ दुकानात डीएपी नसतं, उधारी त्याच दुकानात असते, फळाचे पैसे आल्यावर फेडायची असते. जे आहे ते उचलावं लागतं. डीएपीऐवजी १०:२६:२६ (आकडे नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे) मिळालं तर झाडाला १ किलो १५० ग्रॅम द्यायचं. युरियाचं माप तेच राहतं, पोटॅश मात्र अर्धा किलोच. ही एक ओळ अहवालात नसते, म्हणून बागायतदार पोटॅशही पूर्ण टाकतो आणि ३०० ग्रॅम पालाश फुकट जातं. हट्ट कुणाचा म्हणायचा हा?

‘मेसेज वेळेवर जातो.’ तारखेनं जातो. आंबे बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचा) ताण प्रत्येक बागेत वेगळ्या दिवशी तुटतो, हलक्या जमिनीत लवकर. शिवाय वीज आणि तिच्यावरचं पाणी रात्रीचं असलं तर दुपारी पसरलेला युरिया चुनखडीच्या गरम मातीवर तसाच पडून राहतो आणि त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो. सल्ला कॅलेंडरला नको, विजेच्या पाळीला बांधायला हवा.

‘निम्मं खत’ हा दावा सगळ्यांत घातक. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीयुक्त, सामू (पीएच) ८ च्या वर. तिथं लोह-जस्त मातीत असूनही झाडाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे सहसा लोहाचं लक्षण. नत्र कमी पडलं तर जुनं पान आधी पिवळं पडतं. पिवळं दिसलं की युरिया, ही सवय मोडायला दोन पानांचे रंगीत फोटो दुकानाच्या काउंटरवर चिकटवले तरी उपयोग होईल. कुठल्या बागेत खत कमी करायचं, कुठं वाढवायचं आणि कुठं फक्त जागा बदलायची, हे एका आकड्यानं ठरत नाही. खोडाशी ओतलेलं खत घेराच्या कडेला दिलं तरी फरक पडतो, कारण अन्न घेणारी बारीक मुळं तिकडं जास्त असतात.

राहिले ‘चोचले’. सोबत आखणं म्हणजे सभा घेऊन ‘काय पाहिजे?’ विचारणं नव्हे. तसं विचारलं तर अनुदान पाहिजे हेच उत्तर येणार, आणि त्यात चूक काही नाही. आधी खत टाकताना बघायचं, मग कागदावरचा तक्ता घेऊन चार ओळींवर करून बघायचं. गड्याला तक्ता वाचता आला नाही तर तक्ता बदलायचा. अ‍ॅप बनवायचंच असेल, तर ते त्यानंतर.