दाबा, हलवा, निकाल लावा

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याबरोबर प्रवास करावा, त्याला उसने पैसे द्यावेत, नाहीतर त्याच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा, असं आपली जुनी माणसं सांगत आली. किती वेळखाऊ प्रकार! हे काम तीन सेकंदांत होतं, हे मला परवाच्या शनिवारी कळलं. सुट्टीचा शनिवार होता, त्यामुळे ज्ञान जरा महागात पडलं.

कंपनीने आमच्यासाठी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ ठेवला होता. हॉटेलचा हॉल, मढं टिकेल असा एसी, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी, आणि दारात टाय लावून उभे असलेले सर. येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, हलवायचा आणि मोठ्याने निकाल सांगायचा. माझ्या पुढे मार्केटिंगचा पोरगा होता. तो ‘बॉर्न लीडर’ निघाला. (तीन वर्षं झाली, त्याची प्रवासाची बिलं अजून जुळत नाहीत. असो.) मग माझा हात. सर क्षणभर थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, “डेड फिश.” म्हणजे मेलेल्या माशासारखा लिबलिबीत हात.

सगळे हसले. मीही हसलो. न हसणाऱ्याचा वेगळा निकाल लागतो.

एवढी विद्या एकट्याने गिळून बसणं बरं नाही, म्हणून तुम्हालाही देतो.

पहिली गोष्ट, दाबा. समोरच्याची अंगठी त्याच्याच शेजारच्या बोटात रुतली पाहिजे. चेहरा वाकडा झाला की समजायचं, आपला आत्मविश्वास पोचला. मोठी माणसं हेच करतात. मे २०१७मध्ये ब्रसेल्सला ट्रम्प आणि मॅक्रॉन यांनी एकमेकांचे हात असे आवळले की बोटं पांढरीफटक पडली, आणि ते काही सहज घडलं नव्हतं हे मॅक्रॉननी नंतर सांगूनही टाकलं. दोघांकडे अणुबॉम्ब. आपल्याला मार्च एंडच्या आत एक बिल पास करून घ्यायचं असतं, पण तयारी तीच ठेवावी.

दुसरी, सोडू नका. जपानच्या आबेंचा हात ट्रम्पनी १९ सेकंद धरून ठेवला होता. सुटल्यावरचा आबेंचा चेहरा जगाने पाहिला. समोर बाई असेल तर सोडायचं सरळ विसरून जा. ती काही बोलत नाही, म्हणजे तिला चालतंच. (तुमच्या ऑफिसातल्या कुणाही बाईला विचारून बघा. किंवा नका विचारू, यादी लांब आहे.)

तिसरी, नेते असाल तर हात एकाच्या हातात, नजर पुढच्याकडे आणि दात फोटोग्राफरकडे.

चौथी, लग्नात बुफेच्या रांगेत कुणी भेटलं तर पनीरचा हात पुसू नका. आपुलकी कमी होते.

मराठीत याला हस्तांदोलन म्हणतात. शब्दातच आंदोलन आहे. फक्त आंदोलन समोरच्याच्या हाताचं आणि लाठीमार आपला.

तर सरांनी पहिल्याच स्लाइडवर इतिहास सांगितला. आपल्या हातात शस्त्र नाही हे दाखवण्यासाठी ही रीत पडली, म्हणून उघडा हात म्हणजे उघडं मन. आता मी सरकारी शाळेत शिकलो. चौथीच्या इतिहासात आम्हाला प्रतापगडची भेट होती, १० नोव्हेंबर १६५९. खानाने मिठी मारायला हात उघडलेच होते. उघड्या हाताच्या भरवशावर राहिलं की काय होतं, आणि मिटलेल्या मुठीत काय असावं लागतं, हे ज्या राज्यात नऊ वर्षांच्या पोरांना ठाऊक असतं तिथे हे सर हॉल भाड्याने घेऊन हे सांगतात. डेरिंग आहे.

दुसऱ्या स्लाइडवर विज्ञान. “रिसर्च सांगतो की घट्ट हात म्हणजे मजबूत कॅरेक्टर.” घरी येऊन मी शोधलं. सुट्टी वाया गेलीच होती. तर असा अभ्यास खरंच आहे. सन २०००, अलाबामा विद्यापीठ, ११२ माणसं, आणि हात मिळवून गुण देणारे चार जण, त्यांनाही त्याचं आधी रीतसर प्रशिक्षण दिलेलं. दिसलं काय? घट्ट हात देणारे लोक जरा जास्त बोलके, मोकळे आणि कमी लाजाळू असतात. बस. प्रामाणिक असतात, हुशार असतात, वेळेवर येतात, घेतलेले पैसे परत देतात, यातलं एकही अक्षर त्यात नाही. लाजाळू माणूस लाजाळू असतो, हे कळायला एवढ्या लांब जायला नको होतं, आमच्या आईने सांगितलं असतं.

पकडीवर दुसरं एक मोठं काम आहे, ते सरांना माहीत नसावं. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पाहणी आली. पकड जितकी कमी, तितका हृदयविकाराने मरण्याचा धोका जास्त, असं तीत दिसलं. ती पकडही यंत्राने मोजलेली, टाय लावलेल्या माणसाने नव्हे. म्हणजे माझा हात धरून सर “एकदा ईसीजी काढून घ्या” असं म्हणाले असते तर मी तिथेच त्यांच्या पाया पडलो असतो. ते म्हणाले, डेड फिश.

बरं, माशावरून म्हणायचं तर मी रत्नागिरीचा. मासा ताजा आहे का हे आमच्याकडे बोटाने दाबून बघतात, पण त्यावर कुणी थांबत नाही. कल्ले उचलून रंग बघतात, डोळे बघतात, वास घेतात, आणि मग बाईशी भावावरून भांडतात. दोनशे रुपयांच्या बांगड्याची चौकशी माझ्यापेक्षा जास्त होते. माझे कल्ले कुणी उचलले नाहीत.

उचलले असते तर कळलं असतं की गेल्या पावसाळ्यात मला चिकनगुनिया झाला. ज्यांना झालाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: सकाळी दहापर्यंत मला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही. कार्यक्रम साडेनऊचा होता. अकरानंतर हात धरला असता तर मीही लीडर निघालो असतो.

पाचवी का सहावी सूचना, जी असेल ती. हस्तसामुद्रिकवाल्याला हसायचं सोडा. तो रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून बसतो, तुमचा हात निदान पाच मिनिटं धरतो, भिंग लावतो, आणि जाताना परदेश प्रवास आणि उतारवयात सुख देतो. त्याचाही धंदा थापांचा, पण तुमचा हात वाईट आहे असं तो कधी म्हणत नाही. फार तर एक ग्रह वाकडा, आणि त्यावर खडा असतो. हे सर तीन सेकंद हात धरतात, सगळ्यांदेखत अपमान करतात, आणि खड्याऐवजी दोन दिवसांचा ॲडव्हान्स कोर्स सुचवतात.

आणि २०२०? हात लावला तर पाप होतं. दोन वर्षं कुणी कुणाचा हात हातात घेतला नाही, कोपरं घासली, लांबून नमस्कार केले. तेव्हा ही सगळी व्यक्तिमत्त्वं कुठे ठेवली होती? कंपनी चालली, माल निघाला, पगार कापायचे ते कापले गेले. वारीत बघा. सत्तरीची आजी आणि शाळकरी पोरगा एकमेकांच्या पाया पडतात, ‘माउली’ म्हणतात आणि चालायला लागतात. कोण किती वाकलं याचे गुण मांडत कुणी बसत नाही.

मी एवढा का चिडलोय? डेड फिशसाठी नाही. ते मी विसरलो असतो. रांगेत माझ्या मागे आमच्या प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून नग काढणाऱ्या खात्याचे, काका होते.

काकांनी सरांना नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, नीट. सर म्हणाले, “काका, नमस्कार म्हणजे कम्फर्ट झोन. हात द्या.” काका हसून डावा हात पुढे करायला लागले. “उजवा, काका, उजवा! अर्ध्या मनाने नको!” आणि सरांनी स्वतःच तो उजवा हात ओढून घेतला.

त्या हाताला दोन बोटं मधल्या पेरापर्यंतच आहेत. पॉवर प्रेसवर गेली. प्रेस शॉपमध्ये काम केलेल्याला विचारा, अशी बोटं कशी जातात. नग अडकतो, तो काढायला हात आत जातो, वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, येते. नग जास्त निघावेत म्हणून हात आत असताना यंत्र थांबवणारा सेन्सर बंद ठेवलेला असतो, आणि तो कुणी बंद केला हे नंतर कुणालाच आठवत नाही.

सरांच्या हाताला ते लागलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. दीड सेकंद. मग म्हणाले, “ओके, ओके, स्पिरिट इज इम्पॉर्टंट!” आणि पुढच्या माणसाकडे वळले.

अहो सर, विचारायचं होतं ना? दोन शब्द होते, “काय झालं?” माणसाचा हात हातात घेता आणि त्याच्या तोंडाकडे बघत नाही, ही कसली ओळख? ज्याने बावीस वर्षं यंत्राच्या तोंडात हात घातला त्याला तुम्ही, आयुष्यात मार्करपेक्षा जड काही न उचललेला माणूस, अर्धं मन म्हणता? आणि आम्ही चाळीस जण मुकाट बघत उभे. त्यात मीही. लाज तुम्हाला वाटायला हवी होती, आणि तुमच्याआधी, आम्ही तोंडात पेपरमिंट ठेवून गप्प बसलो म्हणून, आम्हाला.

चहाच्या वेळी मी काकांना काहीतरी म्हणायला गेलो. ते म्हणाले, “जाऊ द्या साहेब, पोरगाच आहे तो,” आणि बशीतली दोन बिस्किटं माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी फीडबॅक फॉर्म आले. काकांनी डाव्या हाताने भरला, अक्षर माझ्यापेक्षा बरं. सरांना त्यांनी पाचपैकी पाच दिले. मी एक दिला, तोसुद्धा पेपरमिंटला.