गांधीलमाशीचं पोळं जाळण्याआधी

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गांधीलमाशी मध देत नाही, तिचा काडीचा उपयोग नाही. विनाकारण अंगावर येते. पोळ्यातली राणी मारा, बाकीच्या आपोआप संपतात. रॉकेलचा बोळा पेटवा, काम तमाम!’ मध देत नाही, एवढंच त्यात खरं आहे.

उपयोगाचं आधी बघू. मोठ्या माश्यांचं भागतं फुलांतल्या रसावर, पण पोळ्यातल्या पिल्लांना मांस लागतं. लिंबाच्या झाडापाशी जरा वेळ उभं राहा. गांधीलमाशी पान न् पान धुंडाळते, पानं कुरतडणारी अळी सापडली की तिचे तुकडे करते, चावून चावून हिरवट गोळी करते आणि तोंडात धरून उडते. पोळ्यावर त्या गोळीचे वाटे पडतात आणि पिल्लांना भरवले जातात. ती कोळीही उचलते, हे मान्य. तरी बागेतली एवढी राखण फुकटात दुसरं कोण करतं?

विनाकारण अंगावर? भक्ष्य शोधत फिरणाऱ्या माशीला तुमच्याशी घेणंदेणं नसतं. पोळ्याला धक्का लागला तर मात्र ती चवताळते. त्याआधी पंख उभारून तुमच्याकडे तोंड करते. तो इशारा समजून हात न झटकता मागे सरावं. तिची नांगी मधमाशीसारखी अडकून तुटत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, चेहरा सुजला, धाप लागली, तर चुना लावत बसू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

राणीचा मुद्दा तर साफ चुकीचा. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं काम केलंय. हिची राणी कुणावर दांडगाई करत नाही. तिच्या अंगच्या गंधद्रव्यावरून ती आहे हे बाकीच्यांना कळतं. तिला पोळ्यावरून उचललं की काही मिनिटांत एक कामकरी माशी भलतीच आक्रमक होते, इतरांवर तुटून पडते. राणी परत आणून ठेवली तर ही निमूट जागेवर जाते. नाही आणली तर साधारण आठवडाभरात स्वतः अंडी घालू लागते आणि शांत होते. गंमत म्हणजे गादीवर कोण येणार हे संशोधकांना आधी ओळखता येत नाही, पण पोळ्यावर तिला कुणी आव्हान देत नाही. म्हणजे राणी मारून पोळं संपत नाही, राणी बदलते.

राहिला रॉकेलचा बोळा. पोळं म्हणजे लाकडाचे तंतू खरवडून, लाळेत कालवून केलेला कागद. तो भसकन पेटतो, वर छत किंवा वायरी असतील तर त्याही. पिल्लं जळतात, पण बाहेर गेलेल्या माश्या परत येतात आणि पुन्हा पोळं बांधू शकतात. दाराच्या चौकटीवर, मुलांच्या हाताशी पोळं असेल किंवा घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल, तर जाणकार माणूस बोलावून ते काढून घ्या. उंच वळचणीला असेल तर राहू द्या.