‘चार तास गेम खेळतो, मग कसला एडीएचडी?’

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. त्याबद्दल पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘मूल चार तास जागचं न हलता गेम खेळतं, म्हणजे त्याचं लक्ष उत्तम आहे. मनात आणलं तर अभ्यासही करेल. आणि एडीएचडी असलाच, तर हायपरफोकस (एकाच गोष्टीत लागणारी गाढ तंद्री) ही देणगी समजा.’

पहिलं विधान एडीएचडीच्या नावातल्या ‘अटेन्शन डेफिसिट’ म्हणजे ‘लक्षाची कमतरता’ या शब्दांमुळे पटतं. पण त्यात लक्ष कमी नसतं. ते कुठे लावायचं आणि कधी काढायचं, याचा ताबा कमकुवत असतो. गेम दर काही सेकंदांनी बक्षीस देतो, भूमितीच्या गृहपाठाचं फळ महिन्याने दिसतं. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचार पुस्तिकेत 9-9 लक्षणांचे दोन गट आहेत: लक्ष न लागणं आणि अतिचंचलता-उतावळेपणा. मुलांत एका गटातली किमान 6 (17 वर्षांपासून पुढे 5) लक्षणं 6 महिने टिकलेली हवीत, आणि त्यांतली बरीचशी 12 वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी हवीत. हायपरफोकस त्या यादीत नाहीच. त्यामुळे तो दिसला म्हणून निदान खोटं ठरत नाही, आणि नुसत्या त्यावरून निदान करताही येत नाही.

‘मनात आणलं तर’ हे सर्वांत जास्त दुखावणारं वाक्य. हायपरफोकसमध्ये तंद्रीचा विषय माणूस निवडत नाही. सकाळी अहवाल द्यायचा असताना मोठी माणसंही रात्री दोनपर्यंत एक्सेलच्या रकान्यांचे रंग जुळवत बसतात. चहावर साय धरते, लघवी तुंबवली जाते, तीनदा मारलेली हाक ऐकू जात नाही. घरचे याला उर्मटपणा म्हणतात. तो उर्मटपणा नव्हे.

देणगी? काम आणि तंद्री जुळली तर उपयोग होतो, एवढंच. शिवाय मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध घेणाऱ्या अनेकांची भूक मंदावते. त्यात तंद्री लागली की दुपारचं जेवण राहून जातं आणि संध्याकाळी चिडचिड होते.

मुलाला तंद्रीतून बाहेर काढायचं तर लांबून ओरडू नका. समोर जा, खांद्यावर हात ठेवा, नजर मिळाल्यावरच बोला. आधी 10 मिनिटं, मग 2 मिनिटं बाकी असताना सांगा. शक्यतो ‘ही मॅच संपली की’ असा टप्पा ठरवा. मोबाइल हिसकावला की भडका उडतो, कारण मन अजून तिथेच असतं. गजर हातातल्या फोनवर लावला तर अंगठा तो नकळत बंद करतो. घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. काम अर्धवट सोडताना पुढची पायरी कागदावर लिहून घेतली, तर उठणं सोपं जातं.